तुम्ही विचारलंत म्हणून: झोपेत ओली होणारी कुत्री

"आमची कुत्री इतकी शहाणी, आता झोपल्या जागी मुतते. मुद्दाम करते का हो ताई? बाहेर बांधायची का?" सोलापुरात विजापूर रोडला सकाळी फिरताना हा प्रश्न हमखास येतो. आमची कुत्री चिनी याच त्रासातून गेली हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून लोक मलाच गाठतात.

मुद्दाम करत नाही. चिनी झोपून उठली की खाली ओलं असायचं, आणि तीच दचकून त्याचा वास घेत राहायची. जे तिला कळलंच नाही त्यासाठी तिला रागवून काय मिळणार? नाक घासणं, पाठीत धपाटा घालणं, गच्चीवर बांधणं, यातलं काहीही करू नका. माझी हात जोडून विनंती आहे.

त्यापेक्षा नीट बघा. झोपेत, आडवी पडल्यावर नकळत गळतं का? की जागेपणी सारखी दाराशी जाते, कुंथते, थोडी थोडी करते? दुसरं असेल तर मूत्राशयाला जंतुसंसर्ग किंवा मूतखडा असू शकतो. आणि नुसतं लघवीचं प्रमाणच वाढलं असेल, तर मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, नाहीतर खाजेसाठी चालू असलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, हेही कारण निघतं. पिल्लू लहानपणापासून सतत ओलंच राहत असेल, तर मूत्रनलिका जन्मतःच चुकीच्या जागी जोडलेली असू शकते.

चिनीचं कारण सगळ्यात जास्त दिसणारं होतं. नसबंदीच्या ऑपरेशननंतर मादीच्या अंगातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) कमी होतं आणि मूत्रमार्ग आवळून धरणारा स्नायू सैल पडतो. जागेपणी निभतं, गाढ झोपेत गळतं. ऑपरेशननंतर काही महिन्यांनी सुरू होतं, कधी कित्येक वर्षांनी, त्यामुळे दोन्हींचा संबंध कुणाच्या ध्यानातही येत नाही. वीस किलोच्या वरच्या मोठ्या कुत्र्यांत, डॉबरमन, बॉक्सर, रॉटवायलर यांच्यात, हे जास्त आढळतं. म्हणून ऑपरेशनच करू नका असं मी मुळीच म्हणणार नाही. गर्भाशयात पू होण्याचं जीवघेणं दुखणं त्यानेच टळतं.

याला औषध आहे, हे लोकांना माहीतच नसतं आणि माझा जीव तिथेच तुटतो. फिनाइलप्रोपॅनोलामाइनने स्नायू आवळला जातो. नसबंदी झालेल्या मादीला एस्ट्रिऑल, म्हणजे इस्ट्रोजेनच्याच जातीचं औषधही देतात. बहुतेकींना चांगला गुण येतो. मात्र पहिल्या औषधाने रक्तदाब वाढू शकतो, म्हणून डोस डॉक्टरांनीच वजन आणि तब्येत बघून ठरवायचा. घरातली माणसांची गोळी अर्धी करून देऊ नका.

दवाखान्यात जाताना सकाळची पहिली लघवी न्या. ती बसली की मागून स्वच्छ पसरट डाव सरकवायचा, लगेच झाकणाच्या बाटलीत ओतायची. आणि आदल्या दिवशीचं पाणी मोजून ठेवा. किलोमागे शंभर मिलीच्या वर, म्हणजे दहा किलोच्या कुत्रीने दिवसात एक लिटरपेक्षा जास्त प्यायलं, तर तो आकडा डॉक्टरांना आवर्जून सांगा.

पाणी तोडायचं मात्र नाही. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, रोजची धुणी परवडत नाहीत, हे मला कळतं. पण सोलापूरच्या मे महिन्यात कुत्र्याचं पाणी तोडणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. त्यापेक्षा रात्री झोपायच्या आधी एक चक्कर वाढवा. अंथरुणाला जुने टॉवेल वापरा, आपल्या गावात त्यांना काय तोटा? खाली प्लास्टिक, वर दोन घड्या; ओली झालेली वरची घडी तेवढी काढायची. मांड्या आणि पोट पुसून कोरडं ठेवा. ओल्या कातडीला पुरळ येतं, चट्टा पडतो, त्यावर माश्या बसतात आणि उन्हाळ्यात किडे पडायला वेळ लागत नाही.

दोन वेळा मात्र थांबू नका. नसबंदी न झालेली मादी माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांत खूप पाणी पिऊ लागली, मलूल झाली, खालून घाण जाऊ लागली, तर त्याच दिवशी न्या. आणि कुत्रा पाय वर करून नुसता कुंथतोय, थेंब थेंबच येतोय, पोट टणक लागतंय, तर ती गळती नाही, वाट अडली आहे. तेव्हा रात्र असली तरी डॉक्टरांना उठवा.