बर्फाला आवाज नको होता

२४ डिसेंबर

नाताळ आला की ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ या जुन्या अमेरिकी चित्रपटाची आठवण होतेच, आणि दर वेळी मन गोष्टीपेक्षा त्यातल्या बर्फाशीच जास्त घुटमळतं. पुलावरचा प्रसंग घ्या. नाताळच्या आदल्या रात्रीचं हिमवादळ, जीव द्यायला निघालेला जॉर्ज बेली. गोष्ट क्षणभर बाजूला ठेवून जॉर्ज झालेल्या जेम्स स्टुअर्टचा चेहरा नीट पाहिला, तर तो घामेजलेला दिसतो. चित्रीकरण झालं १९४६ मध्ये, १५ एप्रिल ते २७ जुलै, तेही कॅलिफोर्नियाच्या सॅन फर्नांडो खोऱ्यात. उन्हाळा असा की दिग्दर्शक फ्रँक काप्राला एक दिवस काम बंद ठेवून सगळ्यांना सुट्टी द्यावी लागली.

बेडफर्ड फॉल्स हे गोष्टीतलं गाव आरकेओ या चित्रपट कंपनीच्या, त्याच खोऱ्यातल्या एन्सिनोतल्या मोकळ्या जागेवर उभं केलं होतं. चार एकरांचा पसारा, तीनशे यार्डांचा, म्हणजे सुमारे २७५ मीटर लांब असा मुख्य रस्ता, ७५ दुकानं नि इमारती, आणि मधोमध पूर्ण वाढलेली वीस ओकची झाडं, दुसरीकडून आणून लावलेली. गाव नांदतं वाटावं म्हणून कबुतरं, कुत्री, मांजरं मोकळी सोडलेली. एवढ्या सगळ्यावर भर उन्हाळ्यात बर्फ पाडायचा!

त्या काळी हॉलिवूडमध्ये बर्फ म्हणजे पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स. वरून सोडायचे नि पंख्याने उडवायचे. चित्रात ठीक दिसतात. अडचण कानांची. पायाखाली आले की कुरकुर वाजतात, आणि डोक्यावर दांडीला टांगलेला बूम माइक तो आवाज संवादासकट उचलतो. मग ते संवाद नंतर डबिंगमध्ये पुन्हा बोलून घ्यायचे. साध्या प्रसंगात हे खपून जातं. पण धापा टाकत, रडकुंडीला येऊन बोलणाऱ्या माणसाचा श्वास दोन महिन्यांनी बंद खोलीत पुन्हा जुळवायचा म्हणजे अवघड. काप्राला आवाज जागेवरच हवा होता. माझ्या मते साऱ्या चित्रपटातला सर्वांत शहाणा हट्ट हाच.

तोड काढली आरकेओच्या स्पेशल इफेक्ट्स विभागाच्या रसेल शर्मनने. आग विझवायला वापरतात ते फोमाइट घेतलं, त्यात साबण आणि पाणी मिसळलं, आणि ते मिश्रण जोरदार दाबाने वाऱ्याच्या यंत्रातून फवारलं. फेसाचे पुंजके हलके, म्हणून सावकाश तरंगत खाली येतात, कोटावर नि केसांवर चिकटून राहतात, आणि मुख्य म्हणजे आवाज करत नाहीत. असं सहा हजार गॅलन, म्हणजे जवळजवळ २२,७०० लिटर द्रावण लागलं. जमिनीवर साचलेला बर्फ मात्र वेगळा. तिथे सुमारे तीन हजार टन किसलेला खरा बर्फ, शिवाय तीनशे टन जिप्सम आणि तितकंच प्लास्टर. पडणारा बर्फ आणि पडून राहिलेला बर्फ यांची कामं वेगळी, म्हणून साहित्यही वेगळं. नाटकातल्या थर्माकोलच्या गोळ्यांकडून दोन्ही कामं करून घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

जागेवरचा खरा अभिनय जपायचा हा ध्यास कॅमेऱ्यापर्यंत गेला. बारमधल्या प्रार्थनेच्या वेळी स्टुअर्टला खरोखरच रडू फुटलं, पण कॅमेरा लांब होता. तसं रडणं पुन्हा येणार नाही हे उघड होतं. म्हणून प्रयोगशाळेत एकेक फ्रेम मोठी करत तो शॉट चेहऱ्याच्या जवळ नेला. त्याची किंमत म्हणजे तिथे चित्र जरा भरड, कणीदार दिसतं.

चित्रपटात नाचता नाचता जमीन सरकून खाली पोहण्याचा तलाव उघडतो, ती करामत मात्र कलाविभागाची नाही. बेव्हर्ली हिल्स हायस्कूलच्या व्यायामशाळेची जमीन खरंच तशी होती.

२० डिसेंबर १९४६ ला न्यूयॉर्कमध्ये पहिला खेळ झाला. खर्च ३० लाख डॉलरच्या वर गेलेला, आणि तिकिटांच्या गल्ल्यातून तो निघाला नाही. ऑस्करची पाच नामांकनं मिळाली, हाती काहीच आलं नाही. पुढे १९४९ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीने पडणारा बर्फ दाखवण्याच्या या नव्या पद्धतीसाठी शर्मन, मार्टी मार्टिन, जॅक लॅनन आणि आरकेओच्या विभागाला तांत्रिक पुरस्कार दिला. नटांना नाही, दिग्दर्शकाला नाही, फेसाला मिळाला!

त्यानंतरचं नशीब कागदपत्रांनी उघडलं. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात स्वामित्वहक्क २८ वर्षांचा, मग नूतनीकरण. १९७४ मध्ये ते करायचं राहून गेलं. वाहिन्यांना चित्रपट फुकटात मिळाला, आणि दर डिसेंबरला तो इतक्या वेळा लागला की घराघरांत नाताळचाच भाग झाला. मूळ कथा आणि संगीत यांचे हक्क शाबूत होते. त्यांच्या आधारे १९९३ मध्ये रिपब्लिक पिक्चर्सने पुन्हा ताबा सांगितला आणि फुकटचा मामला संपला.

आज रात्री पुलावरचा प्रसंग लागला की आवाज थोडा वाढवायचा आणि फक्त पावलं ऐकायची.