कॉम्प्रेसर आहे की तुमच्याकडे!

वर्कशॉपात कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबून सोडणारं यंत्र, असताना हेल्मेटातल्या हवेसाठी घरातनं नळी कशाला, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी हा विषय मी आपणहून काढत नाही.

देव्हारा बघायला आलेलं गिऱ्हाईक आधी माझ्या डोक्याकडे बघतं. पांढरं हेल्मेट, पुढं काच, मागून निघालेली जाड नळी, आणि ती नळी भिंतीतल्या भोकातून घरात गेलेली. मराठी गिऱ्हाईक विचारतं, "हे काय घातलंय म्हणायचं?" कन्नड गिऱ्हाईक विचारतं, "एन्री इदु?" दोघांना एकच उत्तर देतो, भुसा नाकात जाऊ नये म्हणून. इथवर ठीक असतं. मग नजर कोपऱ्यातल्या कॉम्प्रेसरवर जाते. "घरातनं एवढी नळी कशाला ओढलीय हो? कॉम्प्रेसर आहे की तुमच्याकडे! त्याचीच हवा घ्यायची."

बेळगावच्या शहापुरातले माझे धंदेवाले दोस्तही हेच म्हणतात, आणि ते तर मशिनरीतले जाणते. मी हसून सोडून देतो. मग रात्री झोप लागत नाही.

आधी, हेल्मेट मुळात कशाला, ते सांगतो. आमचे आप्पा म्हणायचे, सुताराला भुसा बाधत नाही, भुसा म्हणजे लक्ष्मी. शेवटची सहा वर्षं ते उशांना टेकून बसून झोपले. भुशानंच झालं असं मी म्हणत नाही, ते बिडीही ओढायचे. पण रंध्याचा जाड भुसा पायाशी पडतो, त्याची मला भीती नाही. लेथवर खांब कातून झाला की पॉलिश पेपर लावतो, तेव्हा जे पीठ उडतं ते वेगळं. दार लावून कवडशात बघा, तरंगत असतं, आणि जे दिसतं त्याहून बारीक ते दिसतच नाही. तेच छातीत खोल जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलंय. धोका मुख्यतः नाकाच्या आतल्या पोकळ्यांना. त्यात माझं निम्मं काम जुन्या वाड्यांतून निघालेल्या शिसवीचं. शिसवीची धूळ काही जणांना चांगलीच लागते. मला लागते. मनगटावर पुरळ, रात्री छातीत शिट्टी.

"मग साधा मास्क लावा की." लावा. खरंच लावा, चांगला एन-९५ नीट बसला तर पुष्कळ काम होतं. माझी दाढी आहे, दाढीवर मास्क गालाला चिकटत नाही आणि फटीतून सगळं आत येतं. वर चष्म्यावर वाफ धरते. दाढी काढ, असं बायको म्हणते. तिचं चूक आहे असं नाही.

हेल्मेटचं तत्त्व सोपं आहे. आत हवा सोडत राहायची, ती हनुवटीखालून बाहेर पडत राहते, मग बाहेरची धूळ आत शिरत नाही. सैल टोपाला मिनिटाला निदान १७० लिटर हवा हवी, असा अमेरिकेतला दंडक आहे. माणूस एवढी हवा ओढत नाही, पण जोरात श्वास घेतला तो क्षणही भागला पाहिजे, आणि वर बाहेर ढकलायला उरली पाहिजे. बॅटरीवर चालणारी, कमरेला पंखा नि फिल्टर बांधायची तयार हेल्मेटं मिळतात. किंमत ऐकून मी दुकानातून उतरलो. माझ्याकडे दोन हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर होता, मिनिटाला दोनशे लिटरच्या आसपास हवा देणारा. म्हटलं, फुकटची हवा असताना बॅटरी कशाला?

म्हणजे तुमचा जो प्रश्न, तोच माझा मोठा शोध होता. तुम्ही विचारताय, मी करून बसलो.

आणि आडाणीपणानं केलं नव्हतं, हे मला सांगायचंय. तेलाचा कॉम्प्रेसर आहे, हवेत तेलाचा धूर येणार, हे ठाऊक होतं. म्हणून एकामागून एक तीन फिल्टर लावले. पहिला पाणी धरणारा, दुसरा तेलाचे थेंब धरणारा, तिसरा कोळशाचा, वास काढणारा. चार दिवस स्वतः घालून बघितलं. गार, कोरडी हवा, वास शून्य. इतका खूश झालो की हेल्मेट भाच्याच्या डोक्यावर चढवलं.

अक्काचा मुलगा, एकोणीस वर्षांचा, माझ्याकडे काम शिकायला होता. हात चांगला. त्याला ते हेल्मेट नको होतं. "मामा, उकडतंय, रुमाल बांधतो की." मी म्हटलं, "आजोबांसारखं बसून झोपायचंय काय तुला?" मग घातलं त्यानं.

२०२२ चा मे. पाऊस पडायच्या आधी आमच्याकडे विहिरी उपसून गाळ काढतात, तसं त्या दिवशी शेजारच्यांकडे चाललं होतं. आवाज नको म्हणून मी कॉम्प्रेसर दोन घरांमधल्या बोळात, पत्र्याखाली ठेवला होता. शेजाऱ्यांनी पेट्रोल-रॉकेलवरचा पंप आणला आणि तोही त्याच बोळात, माझ्या कॉम्प्रेसरपासून चारेक हातांवर मांडला. मला तो आवाज ऐकू येत होता. ऐकूही आला, आणि काही वाटलंही नाही.

भाचा देव्हाऱ्याचे खांब घासत होता. मी पलीकडे पटाशीनं वेलबुट्टी काढत होतो, नाकाला नुसता रुमाल. अर्ध्या तासानं तो म्हणाला, "मामा, डोकं धरलंय." मी म्हटलं, नवीन आहे, सवय होईल. पुन्हा दहा मिनिटांनी म्हणाला. मी म्हटलं, एवढा खांब संपव, मग चहा घेऊ. हे वाक्य मी म्हटलं. खांब संपव.

मग लेथ चालूच होता पण घासण्याचा आवाज थांबला. वळून बघितलं तर तो स्टुलावर बसलेला, पेपर हातातून गळलेला, आणि काचेच्या आत उलटी. हेल्मेट काढलं, उचलून कट्ट्यावर आणलं. ऊन लागलं असंच सगळ्यांना वाटलं. हिनं लिंबाचं सरबत केलं. कोरोनात घेतलेलं बोटाला लावायचं यंत्र घरात होतं, ते लावलं. ९८ दाखवलं. मी म्हटलं, ९८ आहे, घाबरायचं काही नाही. तासभर आम्ही त्याला ओल्या टॉवेलनं पुसत बसलो. अक्का आली, तिनं विचारलं, "आज वार कुठला रे?" त्याला सांगता येईना. तिनं माझ्याकडे न बघता रिक्षा बोलावली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, जवळ कुठं इंजिन चालू होतं काय, जनरेटर, शेगडी? मी म्हटलं, नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं, नाही हो, आमचं सुतारकाम, सगळं करंटवर. तिसऱ्यांदा विचारल्यावर बोळ आठवला.

कार्बन मोनॉक्साइड. इंजिनाच्या धुरातला विषारी वायू. रक्तात ऑक्सिजनची जागा पटकावतो, आणि त्याची पकड ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून घट्ट. ते बोटाचं यंत्र त्याला ऑक्सिजनच समजतं, म्हणून ९८. साध्या हवेत रक्तातला निम्मा वायू जायला चार-पाच तास लागतात, मास्कनं भरपूर ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. आम्ही त्यातला एक तास सरबतात घालवला.

कॉम्प्रेसरनं बोळातली हवा ओढली, आठपट दाबली आणि नळीतून थेट पोराच्या तोंडासमोर सोडली. तीन फिल्टर मध्ये होते. धूळ, पाणी, तेल सगळं अडलं. हा वायू असल्या फिल्टरांना अडत नाही, कोळशालाही नाही. त्याला स्वतःचा वास नसतो, पण इंजिनाच्या धुराला असतो. तो वास आला असता तर पोरानं हेल्मेट भिरकावलं असतं. वास तेवढा माझ्या कोळशानं काढून टाकला. त्याच खोलीत रुमाल बांधून भुसा खात बसलेला मी मात्र धडधाकट.

"शेजाऱ्यांनी पंप तिथं ठेवायला नको होता" असं म्हणणारेही भेटतात. विहीर त्यांची, बोळ दोघांचा. आणि नुसता पंप कशाला, तापलेल्या तेलाच्या कॉम्प्रेसरमध्ये तेल करपून हा वायू आतच तयार होऊ शकतो. श्वासासाठी कॉम्प्रेसरची हवा वापरतातच, पण त्याचे यंत्र वेगळे, हवेची तपासणी वेगळी, धोका झाला की ओरडणारी घंटा वेगळी. अमेरिकी नियमात अशा हवेत हा वायू दहा लाख भागांत १० भागांच्या वर चालत नाही. मी मोजलं काय होतं? वास.

आता जे आहे ते असं. उद्यमबागेतल्या फौंड्रीत भट्टीला लावतात तसला छोटा ब्लोअर आतल्या खोलीत बसवलाय. त्याची मोटर बाहेर आणि पातं वेगळ्या डब्यात, त्यामुळे मोटरची कार्बनची धूळ नि जळका वास हवेत येत नाही. हवा ओढायचं तोंड परसात, तुळशीच्या वर दहा फुटांवर, तिथं कुठली गाडी यायला वाट नाही. पुढं धुळीचा फिल्टर. नळी बत्तीस मिलिमीटरची, कारण ब्लोअरला कॉम्प्रेसरसारखा जोर नसतो, बारीक नळीत हवा गुदमरते. नवी नळी आठ दिवस उन्हात टाकली तेव्हा प्लास्टिकचा वास गेला. हवा किती येते ते बघायला कचऱ्याची पन्नास लिटरची पिशवी नळीला बांधली आणि घड्याळ धरलं. पंधरा सेकंदांत फुगली, म्हणजे मिनिटाला दोनशे. महिन्यातून एकदा बघतो, सतरा सेकंदांपुढं गेली की फिल्टर बदलतो. ब्लोअरशेजारी कार्बन मोनॉक्साइडची घंटा टांगलीय.

कोळसा लावलेला नाही. हिनं संकेश्वरी मिरची परतायला घेतली की हेल्मेटमध्ये मला ठसका लागतो, काम थांबतं, गिऱ्हाईक हसतं. लागू दे ठसका.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं करण्यापेक्षा ते बॅटरीचं हेल्मेट घेतलं असतं तर? हे मीही स्वतःला विचारतो. जुना मी म्हणतो, तेव्हा पैसे नव्हते. मी त्याला म्हणतो, त्याच वर्षी तू लाकडात खाचा पाडायचा नवा राऊटर घेतलास. तो म्हणतो, राऊटरनं धंदा होतो. इथं आमचं भांडण अडकतं. आणि आजही मी ते हेल्मेट घेतलेलं नाही. नळीनं जखडतो, लेथच्या पलीकडे जाता येत नाही, लाइट गेली की ब्लोअर बंद पडतो आणि हेल्मेट लगेच काढावं लागतं, हे सगळं कबूल. तरी घेतलेलं नाही. का ते मला नीट सांगता येत नाही.

भाचा बरा आहे. दोनेक महिने विसरायचा, चिडायचा, मग निवळलं. सुतारकाम त्यानं सोडलं नाही, माझ्याकडचं सोडलं. आता मॉड्युलर किचनवाल्याकडे दिवसभर एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळ्या, कापतो, तोंडाला रुमाल बांधून. मी एकदा फोनवर बोलायला गेलो, त्या पिठात लाकडाबरोबर चिकटवायचं रेझिनही असतं रे. "बरं मामा," एवढंच म्हणाला. अक्का भाऊबिजेला ओवाळते, पण वर्कशॉपच्या बाजूला येत नाही.

यंदा गणपतीत आला होता. आरती झाल्यावर एकटाच वर्कशॉपमध्ये गेला, मी दारात उभा. खुंटीवरचं हेल्मेट काढलं, उलटं करून आतून वास घेतला. नळी हातात धरून भिंतीच्या भोकापर्यंत गेला, तिथून परसात, मान वर करून तोंड कुठं आहे ते बघितलं. मग आत येऊन हेल्मेट होतं तसं खुंटीला लावलं आणि मोदक खायला गेला.