कोठारातले उंदीर आणि छऱ्याची बंदूक: माझा अनुभव

छऱ्याच्या बंदुकीने (एअर रायफलने) उंदीर संपत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. मादी 21 ते 23 दिवसांत विते, एका वेळी सात-आठ पिल्लं होतात आणि दोन-तीन महिन्यांत तीच पिल्लं विण्याच्या वयाची होतात. या वेगाशी कोणतीही बंदूक पुरी पडत नाही. म्हणून मी आधी फटी बुजवल्या (सव्वा सेंटिमीटरची फट मोठ्या उंदराला पुरते, लहान उंदराला 6 मिलिमीटरही चालते), धान्य झाकलं आणि सापळे लावले. एवढं करूनही सापळ्याकडे ढुंकून न पाहणारे काही बेरकी उरतात. बंदूक त्यांच्यासाठी.

कायदा देशागणिक वेगळा आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये 12 फूट-पौंडांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे 16 ज्यूल ताकदीच्या, एअर रायफलला परवान्याविना जी मोकळीक आहे, तीच जर्मनीत 7.5 ज्यूलवर थांबते. कोणता प्राणी मारता येतो, कोणत्या जागेत, रात्री दिवा लावून चालतं का, हे प्रश्न पुन्हा वेगळे. उत्तरं हातात आल्यावरच पुढे जायचं.

बंदूक निवडताना लोक वेगाच्या आकड्यावर जातात, आणि तिथेच फसतात. खोक्यावरचा आकडा बहुधा सगळ्यात हलक्या छऱ्याचा असतो. मी ताकद वजन आणि वेगावरून काढली: 4.5 मिमी व्यासाचा 0.547 ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 240 मीटर वेगाने निघाला, तर साधारण 15.8 ज्यूल. 5.5 मिमीचा 0.93 ग्रॅमचा छर्रा 185 मीटरने निघाला, तरी तेवढीच ताकद. फरक वाटेत पडतो. 4.5 मिमीचा मार्ग सरळ असतो, अंतराचा अंदाज चुकला तरी थोडं सांभाळून घेतो. 5.5 मिमीचा जास्त खाली झुकतो, पण ताकद अंगात जास्त मुरवतो. कोठारात 8 ते 12 मीटरवर दोन्ही चालतात. डोक्यात नीट बसला तर उंदराला याच्या निम्मी ताकदही पुरते. मी 4.5 मिमीची, नळी दुमडून ताणायची स्प्रिंगची रायफल घेतली. हवा भरून ठेवायच्या रायफलला धक्का जवळजवळ नसतो, नेमही सोपा, पण पंप किंवा सिलिंडर लागतो आणि 200 बारचा दाब सांभाळावा लागतो.

छर्रे मात्र चार प्रकारचे आणले. गोल डोक्याचे, सपाट डोक्याचे, टोकदार आणि पोकळ टोकाचे. प्रत्येक नळीला एखादाच छर्रा मानवतो आणि तो कोणता हे कागदावर मारल्याशिवाय कळत नाही. प्रकार बदलला की पहिले वीस-तीस छर्रे मोजायचे नाहीत, नळीला नव्या शिशाची सवय व्हावी लागते. नंतर 25 मीटरवर प्रत्येकी दहा मारले. टोकदार सर्वात जास्त पसरले. गोल डोक्याच्यांचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, अंगठ्याच्या नखाएवढा आला, तो ठेवला. मागची कड चेपलेला छर्रा बाजूला काढायचा. हवा तिथून निसटते आणि छर्रा कुठेही जातो. पोलादी गोळ्या तर आणायच्याच नाहीत. त्या शिशासारख्या चपट्या होत नाहीत, भिंतीवरून सरळ तोंडावर परत येतात.

स्प्रिंगची रायफल दोनदा हलते. आधी पिस्टन पुढे सुटतो तेव्हा मागे, मग तो हवेच्या उशीवर आदळतो तेव्हा पुढे, आणि हे सगळं छर्रा नळीतच असताना. म्हणून ती घट्ट आवळून धरली तर नेम बिघडतो. दस्त्याचा पुढचा भाग उघड्या तळहातावर नुसता टेकवायचा, खांद्याला हलका लावायचा आणि तिला हवं तसं हलू द्यायचं. तळहात दर वेळी त्याच जागी हवा. दोन बोटं पुढे सरकला तरी ग्रुप सरकतो. टेबलावर किंवा विटेवर थेट टेकवली तर छर्रे वर जातात. गुंडाळलेल्या घोंगडीवर हात आणि हातावर रायफल, असं जमतं.

दुर्बिणीत माझी पहिली चूक झाली. घरात पडलेली, मोठ्या रायफलची दुर्बीण बसवली. तिचं लक्ष 100 यार्डांवर ठरवलेलं, त्यामुळे 10 मीटरवर सगळं धूसर, आणि डोळा किंचित हलला की आतली नेमाची फुलीही हलते. वर हा दुहेरी धक्का साध्या दुर्बिणीच्या आतली जोडणी सैल करतो. एअर रायफलसाठी बनवलेली, 10 यार्डांपर्यंत लक्ष जुळवता येणारी दुर्बीण हवी. माउंटला, म्हणजे दुर्बीण धरणाऱ्या पकडीला, पाठीमागे सरकू न देणारी खुंटीही हवी. ग्रुप अचानक फुटला तर दुर्बिणीला दोष देण्याआधी दस्त्याचे स्क्रू तपासा. दर शंभर-दीडशे छऱ्यांनी ते हमखास सैल होतात.

आता ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त त्रास दिला ती. दुर्बीण नळीच्या वर साधारण साडेचार सेंटिमीटर बसते. म्हणजे छर्रा नजरेच्या रेषेखालून निघतो, वर चढतो, रेषेला लागतो आणि पुन्हा खाली येतो. 25 मीटरवर झिरो केल्यावर, म्हणजे त्या अंतरावर छर्रा बरोबर फुलीवर लागेल अशी दुर्बीण जुळवल्यावर, 15 ते 25 मीटरमध्ये छर्रा जवळपास फुलीवरच लागतो. 30 मीटरवर साधारण 9 मिमी खाली, 35 वर अडीच सेंटिमीटर. हे लोकांना माहीत असतं. पण 10 मीटरवरही तो 12 मिमी खाली लागतो आणि 5 मीटरवर अडीच सेंटिमीटर, याचा विसर पडतो. उंदराचा मेंदू डोळा आणि कानाच्या मधे, अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत असतो. 12 मिमी खाली म्हणजे जबडा. उंदीर जखमी होऊन बिळात जातो आणि आत मरेपर्यंत तडफडतो.

उपाय दोन: फुली वर धरायची, किंवा झिरोच जवळ आणायचा. अंधारात घाईने हिशेब नको म्हणून मी झिरो 10 मीटरवर आणला. दुर्बिणीवरच्या फुली सरकवायच्या चकतीची एक क्लिक 100 मीटरवर साधारण 7 मिमी सरकवते, म्हणजे 10 मीटरवर जेमतेम 0.7 मिमी. 12 मिमीसाठी सोळा-सतरा क्लिक लागल्या. यातही मेख आहे: 10 वर झिरो केल्यावर 8 मीटरवर छर्रा 7-8 मिमी खाली आणि 12 मीटरवर जवळपास तितकाच वर लागतो. दोन मीटरचा फरक नेम चुकवायला पुरतो. त्यामुळे अंतर डोळ्याने ठरवायचं नाही, मोजपट्टीने मोजायचं आणि उंदराला त्या अंतरावर आणायचं.

उंदीर भिंतीच्या कडेने चालतो आणि नव्या वस्तूला बिचकतो. आमिष ठेवलं की त्याच रात्री बसण्यात अर्थ नसतो. चार-पाच रात्री नुसतं खाऊ घातलं. दाणे ठेवले तर तो तोंडात धरून पळतो. शेंगदाण्याची चिकट पेस्ट फळीला फासली की तिथेच बसून चाटावं लागतं आणि डोकं स्थिर राहतं. फळी भिंतीला लागून, बसायच्या जागेपासून बरोबर 10 मीटरवर. मंद लाल दिवाही पहिल्या रात्रीपासूनच लावून ठेवला. लाल उजेड उंदराला फारसा दिसत नाही.

फळीच्या मागे काय आहे, यावर मी नेमाइतकाच वेळ घालवला. काँक्रीट आणि पत्र्यावरून छर्रा उसळतो, साध्या पत्र्याला तो भोकही पाडतो. मागे वाळूची पोती रचली, पुढे जाड प्लायवूड उभं केलं. धान्याच्या ढिगाकडे, वायरिंगकडे, पाण्याच्या पाइपकडे तोंड करून एकही छर्रा नाही. धान्यात शिसं जाणं उंदराच्या लेंड्यांपेक्षा बरं नाही. मोकळ्यावर चुकलेला छर्रा काहीशे मीटर जातो. तुळईवर चढलेल्या उंदरावर मी मारत नाही, कारण त्याच्या मागे फक्त छप्पर असतं.

बसण्यापूर्वी दोन छर्रे कागदावर मारून घेतो, कारण थंड स्प्रिंगचा पहिला बहुधा वेगळा जातो. उंदीर आला की लगेच मारत नाही. तो चाटायला लागतो, बाजू देतो, मग जिभेने हलका टक् आवाज केला की क्षणभर थिजतो. तेवढ्यात चाप. समोरून तोंड केलेला किंवा चालता उंदीर सोडून द्यायचा. एक पडला की लगेच उचलायला उठू नका, पाच-दहा मिनिटांत दुसरा येतो. रायफल ताणून तासन्‌तास ठेवू नये, स्प्रिंग मरते. छर्रा न घालता चापही ओढू नये. पुढे छर्रा नसला की हवेची उशी तयार होत नाही, पिस्टन धडकतो आणि वॉशर फाटतो. हवेच्या कोठीत साधं तेल टाकलं तर ते दाबाने पेट घेतं: मोठा आवाज, धूर, आणि छर्रा भलतीकडे.

ससा किंवा कबुतरासाठी मोकळ्यावर जायचं तर झिरो पुन्हा 25 वर न्यावा लागतो, आणि तिथे वारा खरा शत्रू ठरतो. बसून, जागेवर, जेवढ्या अंतरावर दहापैकी दहा छर्रे तीन सेंटिमीटरच्या वर्तुळात पडतात, ती तुमची मर्यादा. बंदुकीची मर्यादा त्यापुढे असली तरी उपयोग नाही.

मेलेला उंदीर हाताने उचलायचा नाही. अंग गार होऊ लागलं की पिसवा ते सोडून दुसरा आसरा शोधतात, आणि मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. हातमोजे, लांब चिमटा, पिशवी, आणि खोल पुरणं. उघड्यावर टाकला तर घुबड किंवा कुत्रा खातो आणि शिसं त्याच्या पोटात जातं. फळीखालची जागा जंतुनाशकाने पुसून घेतो.

दोन-तीन रात्रींनंतर उरलेले त्या फळीकडे यायचे थांबतात. मग बंदूक आठवडाभर ठेवून देतो, फळी दुसऱ्या भिंतीला नेतो, वाळूची पोती तिच्या मागे हलवतो आणि 10 मीटर पुन्हा मोजतो.