आमची वाटचाल : एक भ्रूण, दोन नजरा

पूर्णवेळ भ्रूणतज्ज्ञ (शरीराबाहेर फलन झालेली भ्रूणे प्रयोगशाळेत वाढवणारे आणि पारखणारे) नेमणे ज्यांना शक्य नाही अशा छोट्या वंध्यत्वोपचार केंद्रांना ती सेवा द्यावी, या हेतूने मी आणि माझ्या भागीदार अशा दोघींनी नोकरी सोडून ही संस्था सुरू केली. सूक्ष्मदर्शक आणि इन्क्युबेटर केंद्रांचे होते. आमच्याकडे हात होता, नजर होती आणि एक नोंदवही होती.

नजरेवरच सगळे अवलंबून आहे हे ठाऊक होते, पण ती नजर किती डळमळू शकते हे कळायला पहिले वर्ष जावे लागले. पाचव्या दिवसाचे एक भ्रूण मी ‘४ एबी’ असे नोंदवले होते आणि तेच भ्रूण भागीदारांनी ‘४ बीबी’ म्हणून लिहिले होते. १९९९ मध्ये गार्डनर आणि स्कूलक्राफ्ट यांनी मांडलेल्या या पद्धतीत १ ते ६ हा आकडा ब्लास्टोसिस्ट, म्हणजे पाचव्या दिवसाच्या सुमाराचे आत पोकळी झालेले भ्रूण, किती फुगला आहे आणि आवरणातून बाहेर पडतो आहे का ते सांगतो. पहिले अक्षर आतल्या पेशीपुंजाचे, ज्यातून पुढे गर्भ घडतो, आणि दुसरे बाहेरच्या थराचे, ज्यातून वार तयार होते; ‘ए’ सर्वांत चांगले, ‘सी’ सर्वांत कमी. आमचे दुमत त्या पहिल्या अक्षराचे होते. भ्रूण डिशमध्ये हळूच फिरवून, फोकस वरखाली करत पुन्हा पाहिले, तेव्हा कडेने घट्ट वाटणारा तो पुंज समोरून बराच विरळ दिसला. भागीदारांची नोंद बरोबर होती. मी एकाच पातळीवर पाहून समाधान मानले होते.

त्या दिवसापासून प्रत्येक ब्लास्टोसिस्टची प्रत, म्हणजे दर्जा, दोघी स्वतंत्रपणे, एकमेकींची नोंद न पाहता लिहितो. जिथे केंद्रावर एकच जण असते तिथे दुसरी चित्रफितीवरून पाहते. यात वेळ जातो आणि काही केंद्रचालकांना तो वाया गेल्यासारखा वाटला, हेही खरे.

दुसरी चूक वेळेची होती आणि ती आमच्या व्यवसायाच्या रचनेतच दडलेली होती. एका दिवसात तीन केंद्रे करायची म्हणजे पहिल्या केंद्रातील भ्रूणे सकाळी पाहिली जायची आणि तिसऱ्यातील दुपार उलटल्यावर. ब्लास्टोसिस्ट काही तासांत ठळकपणे फुगतो. त्यामुळे उशिरा पाहिलेले भ्रूण उगाच सरस आणि लवकर पाहिलेले उगाच मागे पडलेले दिसत होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्तंबूल सहमतीत, म्हणजे भ्रूण कसे पारखावे यावरच्या तज्ज्ञांच्या एकमताच्या निकषांत, निरीक्षणाचे तास ठरवून दिले होते, बीज आणि शुक्राणू एकत्र आणल्यापासून मोजलेले : फलन झाले का हे १६ ते १८ तासांनी पाहायचे, ६८ तासांच्या आसपास आठ पेशी अपेक्षित, ब्लास्टोसिस्टचे निरीक्षण ११६ तासांच्या आसपास. हे तास पाळायचे तर एका दिवसात एका भ्रूणतज्ज्ञाला एकच केंद्र झेपते. आम्ही दोन केंद्रांचे काम सोडले. उत्पन्न घटले आणि काही महिने फार ओढाताण झाली, पण आजही तो निर्णय मला सर्वांत योग्य वाटतो.

एक प्रसंग अजून मनात सलतो. एका केंद्राने आमचा अहवाल रुग्णाच्या हाती तसाच दिला. एकच भ्रूण होते, ‘३ बीसी’. त्या बाईंनी मला विचारले, “म्हणजे आमचे बाळ नापास झाले का?” प्रत म्हणजे त्या तासाला काय दिसले याचे वर्णन, उत्तम दिसणाऱ्या भ्रूणातही गुणसूत्रांची संख्या चुकलेली असू शकते आणि साधारण दिसणाऱ्या भ्रूणातून निरोगी मूल जन्माला आल्याची उदाहरणे आहेत, हे मी त्यांना सांगितले. ते त्यांना अहवालासोबतच कळायला हवे होते. पुढे त्यांची गर्भधारणेची चाचणी नकारात्मक आली. ती त्या ‘सी’ मुळेच आली असे म्हणायला आमच्याकडे आधार नव्हता आणि तसे आम्ही म्हटले नाही. तेव्हापासून प्रत्येक अहवालाला साध्या भाषेतील एक पान जोडलेले असते आणि प्रत्यारोपणाआधी आमच्यापैकी एक जण जोडप्याशी बोलते.

पुढे दोन केंद्रांनी टाइम-लॅप्स इन्क्युबेटर घेतले. भ्रूण बाहेर न काढता दर काही मिनिटांनी छायाचित्र मिळू लागले आणि पूर्वी निसटणाऱ्या गोष्टी दिसू लागल्या. एका भ्रूणात पहिल्याच विभाजनात एका पेशीच्या दोनऐवजी थेट तीन पेशी झालेल्या मी पाहिल्या. तिसऱ्या दिवशी नुसत्या पेशी मोजल्या असत्या तर ते चांगल्यांच्या रांगेत बसले असते. मात्र या यंत्रामुळे मूल होण्याचे प्रमाण वाढते असे मोठ्या चाचण्यांतून खात्रीने दिसलेले नाही, म्हणून यंत्र नसलेल्या केंद्राला ते घेण्याचा आग्रह आम्ही धरत नाही. त्याआधी तापमान ३७ अंशांवर स्थिर आहे का आणि ऑक्सिजन ५ टक्क्यांवर राखला जातो का, हे तपासायला सांगतो.

सध्या तिसऱ्या सहकारी तयार होत आहेत. जुन्या चित्रफितींवरून त्या प्रती लिहितात आणि आम्ही त्या आमच्या नोंदींशी ताडून पाहतो. बाहेरच्या थराबाबत त्यांचे आमच्याशी आता क्वचितच दुमत होते. आतल्या पेशीपुंजाच्या ‘ए’ आणि ‘बी’ मध्ये अजून होते. नव्या केंद्राची विनंती आलेली आहे, आणि तो फरक मिटेपर्यंत थांबावे लागेल असे आम्ही त्यांना लेखी कळवले आहे.