परागगोळ्यांची ओळख : केशरी ढीग दुभंगला

मधमाश्या पायांवर परागाच्या गोळ्या आणतात. पेटीच्या दारातल्या सापळ्यात पडलेल्या अशा गोळ्या कोणत्या फुलांच्या, ते सूक्ष्मदर्शकाखाली ओळखतोय. पिवळ्या गोळ्यांचा निकाल मागेच लागला होता. मोहरीच्या कुळातल्या त्या : साधारण २५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण, तीन खाचा, अंगभर बारीक जाळी. आता मुक्काम केशरी गोळ्यांवर.

सापळ्याचा ट्रे रोज रिकामा करतो, ओलसर परागाला बुरशी लवकर धरते. मग दिवसाउजेडी पांढऱ्या कागदावर रंगांप्रमाणे ढीग. माशी एका फेरीत बहुधा एकाच जातीच्या फुलांवर फिरते, त्यामुळे एक गोळी म्हणजे बहुतेक वेळा एकच वनस्पती. सगळा पराग ढवळून एकच स्लाइड करायची पद्धत मला म्हणूनच पटत नाही, हातात आलेली वर्गवारी आपणच मोडतो. रंगावर मात्र फार विसंबू नये. माशी पराग मकरंदाने ओलावून गोळी वळते, आणि मग तो फुलातल्यापेक्षा गडद दिसतो.

गोळीचा कपचा आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या थेंबात मोकळा करायचा, कडेला जमलेलं तेल टिपून घ्यायचं, पुन्हा थेंब, पुन्हा टिपणं. केशरी पराग भलताच तेलकट, आणि तेल राहिलं की नक्षी बुजते. वाळल्यावर बेसिक फुक्सिन या गुलाबी रंगाने रंगवलेली ग्लिसरीन जेली आणि वर कव्हरस्लिप. ॲसिटोलिसिसने, म्हणजे आम्लांच्या मिश्रणात कण साफ करून, त्याचं कवच लख्ख दिसतं हे खरं, पण ॲसेटिक अनहायड्राइड आणि सल्फ्युरिक आम्ल घरच्या टेबलावर नकोच.

४०० पटीवर पाहिलं तर केशरी ढीग सरळ दुभंगला. दोन्हीकडे काटेरीच कण, तीन-तीन छिद्रं. एकात काटे लांब, टोकदार आणि सगळीकडे सारखे पसरलेले : सूर्यफूल. दुसऱ्यात काटे उंच कंगोऱ्यांवर ओळीने, आणि कंगोऱ्यांमध्ये बहुकोनी खिडक्या : पाथरी, डँडेलियन यांचा गट. फोकस कणाच्या मध्यावर ठेवला तर दोघांचा नुसता काटेरी परीघ दिसतो आणि फरक लपतो. फोकस वरच्या पृष्ठभागावर आणा, मग खिडक्या उघडतात. इथे ओळखीसाठी फोटो टाकणाऱ्यांनी कृपया दोन्ही पातळ्यांचे टाकावेत, एकावरून कोणी काय सांगणार?

गाडी अडली आहे ती पुढे. खिडक्यांवरून गट कळतो, जात नाही. त्यासाठी या गटातलं आसपास जे जे फुललंय त्याच्या संदर्भ-स्लाइड, म्हणजे ओळखीच्या फुलांच्या परागाच्या तुलनेसाठीच्या स्लाइड, करतोय. पराग उमलण्याच्या बेतातल्या कळीतून घेतो, कारण उघड्या फुलात किडे दुसऱ्यांचा पराग सांडून जातात. जेलीही तीच वापरायची. ग्लिसरीनमध्ये कण फुगतो, त्यामुळे माध्यम बदललं की मापांची तुलना फोल.

जाता जाता : फिकट पिवळ्या ढिगात ८० मायक्रॉनच्या पुढचे गुळगुळीत, गोल, एकाच छिद्राचे कण सापडले. गवताचं कुळ नक्की, आणि आकार पाहता मका. मक्याला मकरंद नसतो, परागीभवन वाऱ्यावर, तरी माश्या परागासाठी जातातच. मक्याचा पराग मुख्यतः सकाळी झडतो, म्हणून आता ट्रे दुपारीही रिकामा करून दोन्ही वेळचे ढीग वेगळे ठेवतोय.