घाण्याच्या वहीतलं पहिलं वर्ष

दसरा

घाण्याला हार, मोटारीला हळदकुंकू, वजनकाट्यावर आपट्याचं पान. लाकडी घाणा सुरू होऊन वर्ष झालं. वही पहिल्या पानापासून चाळली की लक्षात येतं, नफातोटा बराचसा शेंगदाण्यांच्या पोत्यात हात घालतानाच ठरतो, उरलेला ठरतो तेल काढून राहिलेली पेंड कुणाला नि कधी दिली यावर. बाटली गिऱ्हाइकाच्या पिशवीत जाते तोवर निकाल लागून गेलेला असतो.

पुढच्या नोंदी महिन्यांनुसार आहेत, पण सगळे महिने सारखे लिहिण्याजोगे नाहीत.

आश्विन

दिवाळीच्या तोंडावर घाणा सुरू करणं मुहूर्त म्हणून छान, हिशेबाला वाईट. उखळात एकदा भरून गाळलेले दाणे म्हणजे एक घाणी. नव्या उखळाचं लाकूड अशा पहिल्या आठ-दहा घाण्यांचं तेल स्वतःच पितं. दाणे तेच, माणूस तोच, तरी उतारा, म्हणजे दाण्यांच्या वजनामागे पडणारं तेल, चार-पाच टक्क्यांनी कमी येतो आणि वाटतं दाणेच खराब आले. लाकूड तेलाने मुरलं की आकडा आपोआप वर सरकतो. म्हणून चाचणीच्या घाण्या गणपती उठल्यावर लगेच काढाव्यात. पितृपक्षात शुभारंभ कुणी करत नाही, पण चाचणीला कुणाची हरकत असणार! चकली-चिवड्याचा हंगाम येईपर्यंत घाणा तयार हवा.

रोजच्या पहिल्या घाणीचंही तेच. रात्रभर थंड पडलेल्या उखळात पहिली घाणी कमी तेल देते, तिसरी-चौथी चांगलं देते. स्वतःचे दाणे घेऊन मजुरीवर तेल काढून घ्यायला आलेल्या माणसाला पहिली घाणी कधी देऊ नये. तो समोर उभा राहून तेल मोजतो, आणि शेजाऱ्याला त्याच शेतातल्या दाण्यांना जास्त तेल पडलं हे त्याला संध्याकाळपर्यंत कळतंच.

एक घाणी जवळून: १२ किलो निवडलेले दाणे, ३ एचपीची मोटार. पहिली दहा मिनिटं नुसती भरड होते. ती चुरचुरीत दिसायला लागली की कोमट पाण्याचा हबका, सगळं मिळून २०० ते २५० मिली, तेही दोन-तीनदा थोडं थोडं. पाण्याने भरड एकत्र येते आणि तेल सुटतं. पंचविसाव्या मिनिटाच्या सुमाराला लाटेभोवती, म्हणजे उखळात फिरणाऱ्या लाकडी दांड्याभोवती, तेल चमकू लागतं. पाऊण तासात पेंडीच्या जाड खपल्या उखळाच्या कडेला चिकटतात आणि नळीतून पडणारी धार बारीक होते. पाणी कमी पडलं तर पेंड पिठासारखी भुसभुशीत राहते नि तेल तिच्यातच अडकतं. जास्त झालं तर तेल पांढरट, फेसाळ येतं, पेंड लगदा होते, आणि ते तेल आठवडाभर टाकीत ठेवलं तरी नीट निवळत नाही. कमी पडलेलं पाणी वाढवता येतं, जास्त झालेलं काढता येत नाही. म्हणून हात नेहमी आखडता.

कार्तिक, मार्गशीर्ष

खरिपाची शेंग बाजारात येते आणि भाव उतरलेले असतात. याच दिवसांत वर्षाचा माल भरायचा मोह होतो आणि याच दिवसांत दाण्यांत सगळ्यात जास्त ओल असते.

गणित साधं आहे. १२ टक्के ओलीचे १०० किलो दाणे ६ टक्क्यांवर वाळवले की ९३ किलो ६०० ग्रॅम उरतात. हिशेबापुरता १२० रुपये किलो भाव धरला तर क्विंटलमागे ७६८ रुपये पाण्याला दिले. अडत, हमाली, तोलाई त्या पाण्यावरही लागतेच. किलोला पाच रुपये स्वस्त मिळालेला ओला माल हा खरं तर महाग माल.

ओल मोजायचं यंत्र असावं, पण पोत्यापाशी उभं असताना हात जास्त कामाचा. वाळलेला दाणा दोन बोटांत चोळला की साल सुटून उडते, आणि दाताखाली कट्ट वाजून दोन फाकी होतात. ओला दाणा दाबला जातो, चिवट लागतो. शेंग घेत असाल तर कानाशी हलवा, आतले दाणे वाजले पाहिजेत. मूठ पोत्याच्या तोंडातून न घेता मधून आणि तळातून घ्यायची. तोंडाशी ठेवलेला माल देखणाच असतो.

वाण विचारावं. जेएल २४, एसबी ११, भाभा अणुसंशोधन केंद्राचं टीएजी २४ या उपट्या (न पसरता झुडपासारख्या वाढणाऱ्या) जातींच्या दाण्यांत वजनाच्या निम्म्याच्या आसपास तेल असतं. लाकडी घाण्यावर दाण्यांच्या वजनाच्या साधारण ३८ ते ४२ टक्के तेल हाती येतं, बाकीचं पेंडीत राहतं. मोठ्ठा, गुलाबी, फरसाणवाल्यांच्या पसंतीचा दाणा घाण्याला मुळीच लागत नाही. दिसण्याचे पैसे का द्यायचे?

शेंग घेऊन फोडायची की थेट दाणे? १०० किलो शेंगेत ६५ ते ७० किलो दाणे. साठवायची असेल तर शेंग बरी, कारण टरफलात दाणा खवट व्हायला वेळ लागतो. पण जागा दुप्पट खाते, आणि शेंगेतला भुंगा आत गेला की बाहेरून बारीक भोकाखेरीज काही दिसत नाही.

पौष

तिळाचा महिना. संक्रांतीला तिळाचं तेल मागणारे कमी, नुसता तीळ मागणारे जास्त.

एकाच घाण्यावर दोन-तीन गळितं (तेलबिया) काढायची तर क्रम ठरवून घ्यावा. सकाळी शेंगदाणा, मग तीळ, जवस किंवा कारळं सगळ्यात शेवटी. उलट केलं तर जवसाचा वास शेंगदाण्याच्या तेलाला लागतो आणि तो कशानेही जात नाही. गळित बदलताना उखळ खरवडून, नव्या गळिताची मूठभर भरड फिरवून काढावी. त्यानंतरही पहिलं अर्धा किलो तेल वेगळं धरावं, बाटलीत भरू नये.

थंडीतली तक्रार ठरलेली: “तेल गोठलं, भेसळ आहे.” कडाक्याच्या थंडीत शेंगदाण्याचं तेल गढूळ नि दाट होतं, उन्हात ठेवलं की पूर्ववत होतं. खोबरेल तर २४ अंशांच्या खाली थिजतंच. करडईचं तेल या थंडीतही पातळ राहतं. हे बाटलीवर एका ओळीत छापलेलं बरं, दुकानात दहा वेळा समजावण्यापेक्षा.

फाल्गुन

मार्चअखेर. भाव कसा बांधायचा ते या महिन्यात नीट मांडलं, जे खरं तर पहिल्या आठवड्यात मांडायला हवं होतं.

१०० किलो दाणे, १२० रुपयांनी १२,००० रुपये. निवडण-चाळणीत खडा, माती, काळपट दाणे मिळून २ किलो गेले. ९८ किलो दाणे गाळले, ४० टक्के उतारा: ३९ किलो २०० ग्रॅम कच्चं तेल. निवळताना तीन टक्के गाळ, उरलं ३८ किलो. आता खाचखळगा असा की घाणा किलोने देतो आणि गिऱ्हाईक लिटरने घेतं. शेंगदाण्याच्या एका लिटर तेलाचं वजन ९१० ग्रॅमच्या आसपास भरतं, तेव्हा ३८ किलोंचे जवळपास ४१.७५ लिटर झाले. किलोचा भाव लिटरला लावला तर दहातला जवळपास एक रुपया जास्त लावला जातो, लिटरचा किलोला लावला तर तेवढाच हातचा जातो. पाउचवर, बाटलीवर लिटरसोबत वजनही छापायचं असतं, त्यामुळे घोळ लपतही नाही.

खर्च: वीज साधारण २५ युनिट, २५० रुपये. मजुरी ८००. बाटली, झाकण, लेबल ५००. एकूण १३,५५०. त्यातून ५६ किलो पेंड ४० रुपयांनी, २,२४० रुपये वजा. लिटरला पडले सुमारे २७१ रुपये, त्यात भाडं, हप्ता, गळती, जीएसटी आणि स्वतःची मेहनत अजून धरलेलीच नाही.

आता याच हिशेबात उतारा ४० ऐवजी ३६ धरून बघा. तेल ३७.६ लिटरवर येतं. चार लिटरांहून जास्त गेले, पेंड जेमतेम चार किलोंनी वाढली. ३१० रुपये विक्री धरली तर क्विंटलमागे ११०० रुपयांच्या वर फटका. एवढे पैसे गिऱ्हाइकाशी घासाघीस करून कधीच वाचत नाहीत.

लिटरमागे दाणेच २ किलो ४०० ग्रॅम लागतात. “कोपऱ्यावर लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल २२० ला मिळतं” म्हणणाऱ्याला दाण्याचा दिवसाचा भाव विचारावा आणि गुणाकार त्यालाच करू द्यावा. वाद घालू नये.

पेंड ताजी असेपर्यंतच तिला भाव. गोठेवाले ठरलेले हवेत, आठवड्यातून दोनदा उचल हवी. पोत्यात गच्च भरून ठेवलेली ओलसर पेंड तिसऱ्या-चौथ्या दिवशी आतून तापते, आठवड्यात बुरशी धरते. दुभत्या जनावराला बुरशीची पेंड घालायची नाही हे गोठेवाला आपल्याहून चांगलं जाणतो. ४० ची पेंड ३० ला गेली की क्विंटलमागे ५६० रुपये गेले.

करडईचा हंगामही हाच. सोलापूर, लातूर, परभणीकडची करडई या दिवसांत येते. पण तिच्यात टरफलच पुष्कळ, १०० किलोंतून तेल २५ किलोंच्या आसपास, आणि पेंडीला शेंगदाण्याचा भाव नाही. शेंगदाण्याच्या आडाख्याने करडईचा भाव बांधला की फसगत नक्की.

ज्येष्ठ

लोणच्यांमुळे विक्री बरी, पण विजेने छळलं. दाब कमी झाला की मोटार जास्त प्रवाह ओढते, मोटार वाचवणारा रिले पडतो आणि घाणी मधेच थांबते. थांबलेल्या उखळात अर्धवट भरड लाटेखाली घट्ट बसते. वीज आल्याबरोबर बटण दाबायचं नाही. पट्टे जागच्या जागी घासून जळतात, गिअरबॉक्सवर ताण येतो. उलथन्याने भरड मोकळी करायची, निम्मी बाहेर काढायची, लाट हाताने फिरते का बघायची, मग चालू. दहा मिनिटं जातात, पण पट्ट्यांचा जोड वाचतो. एक जोड कायम शिल्लक असावा.

श्रावण

उपासामुळे शेंगदाणा तेलाला मागणी असते, आणि हवेतली ओल दाण्यांत शिरत असते. नोव्हेंबरात ६ टक्क्यांवर असलेले दाणे भिंतीला टेकून ठेवलेल्या पोत्यांत आता ९ वर गेले. तेल फेसाळतं, तळताना कढईवर फेस येतो. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब, आणि ऊन पडेल त्या दिवशी दाणे पसरायचेच.

पिवळट-हिरवी बुरशी दिसलेला दाणा उचलून फेकायचा, त्याच्या शेजारचेही. त्या बुरशीचं विष अफ्लाटॉक्सिन. ते कापडाने गाळून जात नाही, आणि घाण्याचं तेल रिफाइंड होत नसल्यामुळे ते पुढे काढलंही जात नाही. निवडायला बसणाऱ्या बाईंची मजुरी हा पावसाळ्यातला सगळ्यात चांगला खर्च.

तेल निवळायच्या टाकीचा नळ तळापासून दोन इंच वर असावा. अगदी तळाशी नळ असलेल्या टाक्या स्वस्त मिळतात, आणि प्रत्येक बाटलीत गाळ उतरतो. तीन-चार दिवस निवळू द्यायचं, मग दुहेरी कापडातून गाळायचं. घाईने भरलेल्या बाटलीच्या तळाशी आठवड्यात राखाडी थर बसतो, तोच आधी वास मारतो.

भाद्रपद

कागदपत्रं. अन्नसुरक्षेची नोंदणी, उद्यम नोंदणी, गुमास्ता. आवेष्टित मालाच्या नियमांखाली वेष्टन करणारा म्हणून नोंद सुरुवातीपासून ९० दिवसांत. इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी पडताळून शिक्का घ्यायचा. खाद्यतेल सुटं विकायला कायद्याने मनाई आहे, किटली घेऊन आलेल्या जुन्या गिऱ्हाइकाला हे पटवणं अवघड, पण विकायचं ते बंद बाटलीत, लेबलासकट. लेबलावर हृदय, कोलेस्टेरॉल यांच्याबद्दल गोड दावे नकोत, तेही नियमात बसत नाहीत. शेंगदाणा तेलाची ॲसिड व्हॅल्यू, म्हणजे तेलातल्या मोकळ्या आम्लाचं माप, ६ च्या वर चालत नाही. खवट दाण्यांचं तेल या चाचणीत आधी सापडतं.

उलाढाल ४० लाखांच्या आत असली तर राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. पण बेंगळुरूच्या किंवा इंदूरच्या मराठी घरी एक डबा जरी पाठवायचा, तरी नोंदणी लागते. कुरिअर करण्याआधी हे माहीत हवं.

प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान, स्वतःचे किमान १० टक्के. ते अनुदान हातात येत नाही. बँकेत कर्जखात्याशी जोडून तीन वर्षं राहतं, खातं नीट चाललं तरच वळतं होतं. या पैशात दाणे भरू असं धरून चालणारे पहिल्याच हंगामात अडकतात. दाण्याला रोकड लागते, दुकानदार ४५ दिवसांनी देतो, आणि बाटल्यांचा किमान माल एकदम घ्यावा लागतो. म्हणून तीन दुकानांना उधार देण्यापेक्षा एका सोसायटीत रोखीने शनिवारचं दुकान मांडलेलं बरं.

मजुरीवर तेल काढून देणं सुरुवातीला किरकोळ वाटतं. पण त्यात दाण्याचं भांडवल नाही, उधारी नाही, माल पडून राहायची भीती नाही. पाटीवर दोन दर लिहावेत: पेंड गिऱ्हाइकाने नेली तर एक, घाण्यावर ठेवली तर कमी. आधी बोलून घ्यावं, नाहीतर भांडण पेंडीवरूनच होतं.

आज दुपारी

नव्या हंगामाच्या नमुन्याची दोन पोती आलीत. एकात ११ टक्के ओल, दुसऱ्यात ७. दुसऱ्याचा भाव किलोला चार रुपये जास्त सांगितलाय. वहीत दोन्ही उभे आकडे मांडले: पहिलं ७ वर वाळवलं की १०० किलोंचे ९५ किलो ७०० ग्रॅम. फरक ४ किलो ३०० ग्रॅम, १२० ने ५१६ रुपये. चार रुपये जास्त म्हणजे ४००. दुसरं पोतं ठेवून घेतलं, पहिलं परत.