आमची वाटचाल : धावपळीच्या दिवसासाठी ग्लूटेनमुक्त शाकाहारी खाणे

आमचा व्यवसाय सुरू झाला तो माझ्या थोरल्या बहिणीच्या रात्रपाळ्यांमुळे. ताई रुग्णालयात परिचारिका आहे. तिला सीलिॲक आजार असल्याचे निदान झाल्यावर घरचे जेवण बदलणे आम्हांला फारसे जड गेले नाही, कारण भात, डाळी, कडधान्ये, भाज्या, दूध आणि फळे यांत ग्लूटेन, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतले चिकट प्रथिन, मुळातच नसते. अडचण होती ती घराबाहेरच्या बारा तासांची. दोन रुग्णांच्या मधल्या दहा मिनिटांत हाताशी येणारे पाव, बिस्किटे, सँडविच हे सगळे गव्हाचे, आणि ती शाकाहारी असल्यामुळे उरलेल्यातलेही पुष्कळसे वर्ज्य. केळे आणि मूठभर शेंगदाणे यांवर तिने कित्येक रात्री काढल्या. त्या दहा मिनिटांसाठी पोटभरीचे आणि निर्धास्तपणे खाता येईल असे काही करायचे, एवढेच काम आम्ही दोघींनी हाती घेतले.

या आजाराकडे अजूनही अनेक जण आवडीनिवडीचा प्रश्न म्हणून पाहतात, म्हणून थोडे स्पष्ट लिहिते. गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लूटेन पोटात गेले की सीलिॲक असलेल्या व्यक्तीची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते, अन्नरस शोषून घेणारे आतड्यातील सूक्ष्म अंकुर झिजतात आणि नीट जेवूनही लोह, कॅल्शियम अंगी लागत नाही. जगात साधारणपणे शंभरांत एकाला हा आजार असतो आणि ग्लूटेन आयुष्यभर टाळणे हाच त्यावरचा उपचार आहे. ‘कोडेक्स’ या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार ग्लूटेनमुक्त पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असता कामा नये. ही मर्यादा किती कडक आहे, हे आम्हांला आकडेमोड केल्यावरच उमगले : एक किलो तांदळाच्या पिठात गव्हाचे पीठ अवघे एक ग्रॅम मिसळले, तरी ती ओलांडली जाते.

आणि पहिल्याच वर्षी ती आमच्याकडून ओलांडली गेली. तांदूळ आणि ज्वारी आम्ही बाहेरून दळून आणत होतो. यंत्र पुसून घेतले आहे, असे आम्हांला सांगितले जात असे आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवत होतो. प्रयोगशाळेत पाठवलेल्या एका घाण्याचा अहवाल मर्यादेच्या वर आला, तेव्हा तो माल ग्राहकांच्या हाती पोहोचलेला होता. आम्ही प्रत्येकाला स्वतः कळवले, पैसे परत केले आणि उरलेला साठा नष्ट केला. भाजल्याने किंवा तळल्याने दोष निघून जाईल, अशी आशा ठेवण्यात अर्थ नव्हता, कारण ग्लूटेन स्वयंपाकाच्या उष्णतेने नाहीसे होत नाही. तेव्हापासून आम्ही पीठ विकत घेणे बंद केले. धान्य अख्खेच आणतो, हाताने निवडतो, धुतो, वाळवतो आणि स्वतःच्या यंत्रावर दळतो. निवडताना मसुरीच्या पोत्यातही गव्हाचे दाणे सापडतात. शेतात, वाहतुकीत, गोदामात धान्ये एकमेकांत मिसळतातच. आमच्या कामाच्या जागेत गव्हाचे काहीही आणायचे नाही, हा नियम कामावरच्या सर्वांच्या स्वतःच्या खाण्यालाही लागू आहे, आणि सर्वांनी तो मनापासून स्वीकारला याबद्दल मला कृतज्ञता वाटते.

पदार्थाची घडण हा वेगळाच अभ्यास होता. पिठाला धरून ठेवण्याचे काम ग्लूटेन करते; ते काढले की वडी पिशवीत तासाभरातच भुगा होते आणि नुसत्या तांदळाच्या पिठाची केली तर दगडासारखी घट्ट. गोड वडीसाठी खजुराचा लगदा आणि भाजलेले दाणे यांनी प्रश्न सोपा केला. खारी वडी जमायला मात्र दीड वर्ष लागले. तरीही ती सोडायची नाही, असा ताईचा आग्रह होता, कारण पहाटे तीन वाजता थकलेल्या माणसाला गोड नको असते, आणि तिचे म्हणणे पुढे ग्राहकांनीही खरे ठरवले. अखेरीस चण्याचे पीठ, ज्वारी, दळलेली जवस आणि थोडे इसबगोल यांचे प्रमाण जुळले. जवस आणि इसबगोल पाण्यात चिकट होतात आणि ग्लूटेनची जागा काही अंशी भरून काढतात.

गरम पाणी ओतून दहा मिनिटांत तयार होणारे जेवण आम्ही तिसऱ्या वर्षी आणले. त्यासाठी शिजवलेला भात आणि मसूर पूर्ण वाळवावे लागतात. शिजलेला भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला तर त्यात विषबाधा करणारे जिवाणू वाढतात, म्हणून घरी करून नेणाऱ्यांनाही माझे सांगणे आहे की भात पसरून लवकर निववावा, लगेच फ्रीजमध्ये ठेवावा आणि खाताना वाफ येईपर्यंत तापवावा. याच पदार्थाच्या चाचण्यांत आणखी एक धडा मिळाला. चवीसाठी निवडलेल्या सोया सॉसमध्ये गहू निघाला आणि दुसऱ्या एका मिश्रणात जवापासून केलेला माल्ट. आता घटकातले घटक लेखी कळल्याशिवाय आम्ही कोणताही तयार मसाला घेत नाही.

ग्लूटेनमुक्त म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक पदार्थांत स्टार्च भरपूर आणि तंतू व लोह बेताचे असते. मांसाहार न करणाऱ्याला हे परवडणारे नाही. त्यामुळे आमच्या प्रत्येक जेवणात डाळ किंवा कडधान्य असतेच आणि सोबत लिंबू पिळून घ्यावे, असे पाकिटावर छापलेले असते, कारण क जीवनसत्त्वामुळे वनस्पतींतील लोह अधिक शोषले जाते.

ओट वापरावेत का, हा प्रश्न आम्हांला सारखा विचारला जातो. गव्हाचा संसर्ग नसलेले शुद्ध ओट बहुतेक सीलिॲक रुग्णांना चालतात, पण थोड्यांना तेही सोसत नाहीत. ओटची वडी स्वस्त पडेल आणि करायलाही सोपी जाईल, हे आम्ही जाणतो. पण आमचे पाकीट उघडणारी व्यक्ती त्या थोड्यांपैकी असू शकते आणि तिच्यापुढे संपूर्ण रात्रपाळी उभी असते, म्हणून आमच्याकडे ओट नाहीत.